करवाढ टळली, कात्री कुठे लागली?

महाराष्ट्रात महापालिकांना पुढच्या वर्षाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. आयुक्त करवाढ सुचवतात. निवडणूक तोंडावर असली की सभागृह ती फेटाळून लावते. मग खर्चाला कात्री. पण पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते यांना हात लावता येत नाही. उरते देखभाल: नालेसफाई, खड्डे, बागा. निवृत्त सफाई कामगाराची जागा रिकामी राहते, नाहीतर ठेकेदाराकडे जाते. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या सरकारी निकषामुळे नवी भरतीही अडते. ही काटकसर कागदावर छान दिसते, पावसाळ्यात उघडी पडते. माझ्या मते आधी थकबाकी वसूल करावी. पुणे महापालिकेने त्यासाठी थकबाकीदारांच्या दारात बँडही वाजवला आहे.