एक मीटर, दोन गीझर

नागपूरचा उन्हाळा जगजाहीर आहे. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे पारा साडेतीन अंशांवर उतरला होता! अशा पहाटे मला पहिल्या तासाला वर्गावर जायचे, चिरंजीवांना शाळेत. बंब केव्हाच माळ्यावर गेलेला. तेव्हा दोन न्हाणीघरांत दोन गीझर हवेत, असा ठराव सौ.ने मांडला.

पण वाचकहो, हिशेब पाहा. दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. दोन मिळून साडेसतरा. जुन्या घरातल्या एकाच बारीक तारेवर दोन्ही लादले, तर तार भिंतीतल्या भिंतीत तापते, वेष्टण वितळते आणि आगीला निमित्त होते. वारंवार उडतो म्हणून फ्यूजला जाड तार बांधणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे!

वायरमनने तोड काढली. प्रत्येक गीझरला मुख्य फलकापासून स्वतंत्र जाड तार, १६ अँपिअरची एमसीबी व अर्थिंग. शिवाय चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच चालणार. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे १६ मिनिटे पुरतात, आणि टाकीत ते बराच वेळ ऊन राहते. दोन्ही एकदम हवेच असतील, तर आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा.

आमच्याकडे आता पाळी ठरली आहे : आधी चिरंजीव, मग मी.