नव्या शेततळ्यातील दगडांवर येणारे शेवाळ

धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडत असल्यामुळे तेथील फळबागांचे उन्हाळ्यातील भवितव्य पावसाळ्यात साठविलेल्या पाण्यावर अवलंबून असते. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना हाती घेतल्यानंतर अनेक शिवारांत नवी तळी झाली. असे तळे प्रथम भरले, की काही आठवड्यांतच पाणी आत येण्याच्या तोंडाशी लावलेल्या दगडांवर आणि अस्तरावर बुळबुळीत तपकिरी थर चढतो व त्यामागून हिरवे, केसांसारखे शेवाळ वाढू लागते. ते पाहून शेतकरी धास्तावतो आणि बाजारातून मोरचूद आणून पाण्यात टाकतो. घात होतो तो येथेच.

नव्या पाण्यात ऊन मुबलक असते, शेतातून वाहून आलेल्या खतांचा अंश असतो, परंतु शेवाळ खाणारे जीव अद्याप वस्तीस आलेले नसतात. समुद्राच्या पाण्याच्या नव्या मत्स्यपेटीतील दगडांवरही हाच प्रकार घडतो. तेथे गोगलगाई शेवाळ खरवडून खातात. मोरचुदाने शेवाळाबरोबर गोगलगाईही मरतात. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासू लागतात. पाण्यात क्षार कमी असल्यास मोरचुदाची अल्प मात्राही माशांना घातक ठरते. क्षार जास्त असल्यास तांबे तळाशी बसून खर्च वाया जातो. म्हणून पाण्याची तपासणी झाल्यावाचून व जाणकाराच्या सल्ल्यावाचून ते वापरू नये. वापरणे भागच पडले, तर एका वेळी तळ्याच्या थोड्याच भागात वापरावे व पुढील भागास हात लावण्यापूर्वी १० ते १४ दिवस जाऊ द्यावे.

हाताने शेवाळ काढणे हा खरा उपाय होय, कंटाळवाणा असला तरी. शेवाळात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे त्याचे पुंजके वर तरंगतात. ते जाळीने ओढून घ्यावेत. दगड ताठ झाडूने घासावेत. प्लास्टिकच्या अस्तरावर मात्र लोखंडी दंताळे कदापि फिरवू नये. एक चीर पडली तरी पाणी जिरू लागते. काढलेले शेवाळ काठावर न ठेवता कंपोस्ट खड्ड्यात टाकावे, नाहीतर पहिल्याच सरीबरोबर त्यातील अन्नांश तळ्यात परततो.

शेवाळलेल्या उतारावरून घसरलेल्या माणसास आपण होऊन वर येता येत नाही, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना. हे काम एकट्याने करू नये. काठावरील खुंटास बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा आणि लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

शेवाळाचे अन्न तोडण्यासाठी पाणी प्रथम गाळ बसण्याच्या कुंडीत व गवताच्या पट्ट्यावरून आत घ्यावे. शेणखताचा ढीग वरच्या अंगास नसावा. मत्स्यपालन असल्यास कटला, रोहू व मृगल यांच्या जोडीने थोडे गवत्या मासे सोडावेत. ते कोवळ्या पाणवनस्पती व काही प्रमाणात शेवाळही खातात. पाणी फिकट हिरवे असणे वाईट नव्हे. कटल्यास त्यातच अन्न मिळते. कोपरापर्यंत हात बुडविला असता तळहात जेमतेम दिसेनासा झाला, तर पाण्याचा रंग ठीक समजावा. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर हिरवी साय आली व दुर्गंधी सुटली, तर मात्र गुरांना ते पाणी पाजू नये. काही निळे-हिरवे शेवाळ विषारी असते.

द्राक्षबागेस ठिबकाने पाणी देणाऱ्यांनी पंपाचे शोषनळ तळाशीही ठेवू नये व अगदी वरही ठेवू नये. तरंगत्या डब्यास बांधून ते पृष्ठभागाखाली सुमारे अर्धा मीटर राहील असे करावे. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने वरचेवर धुवावी. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबमापकांतील फरक वाढू लागला, की ती धुण्याची वेळ झाली.