मोर्चाआधीचे बहात्तर तास

नाशिकमध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आधार देण्याचे काम मी काही वर्षे करते आहे. हा लेख चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. वस्तीत काही घडले की पहिला निरोप तुम्हाला येतो, आणि पहिल्या दिवशी तुम्ही जे करता त्यावर पुढचा खटला उभा राहतो किंवा पडतो.

आधी माझी चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका मजूर बाईला घेऊन मी थेट पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा कुणाच्या हद्दीतला, या वादात रात्र गेली. रुग्णालयात पोचलो तेव्हा गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीची वेळ टळत आली होती. घरच्यांनी तिचे कपडे धुऊन टाकले होते. मी न्याय मागत होते, पण तिचे शरीर विसरले होते.

म्हणून आधी रुग्णालय. गर्भधारणा आणि एच.आय.व्ही. टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. २०१३ पासून हा कायदा आहे. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. तपासणीच्या प्रत्येक पायरीला तिची संमती हवी. मग पोलीस. हद्द कोणतीही असो, ठाण्याने गुन्हा नोंदवलाच पाहिजे.

आणि 'दोन बोटांची चाचणी' कोणी करू लागले तर ठाम नकार द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली, २०२२ साली ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावे असे बजावले. या चाचणीमागे जो विचार आहे, तो आपल्याच महाराष्ट्रातल्या एका आदिवासी मुलीला भोवला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. का? अंगावर जखमा नव्हत्या म्हणून! आणि तिला म्हणे शरीरसंबंधाची सवय होती, असे सत्र न्यायालयाने आधीच म्हटले होते. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या अत्याचारात 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले, की न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. पीडितेचे नाव छापणे हाही तेव्हापासून गुन्हा आहे. त्या मुलीचे नाव सर्वांना ठाऊक असूनही मी इथे लिहिलेले नाही, ते यासाठीच.

आता जातीचा प्रश्न. स्त्री दलित वा आदिवासी आणि आरोपी सवर्ण असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे पहिल्याच फिर्यादीत लागली पाहिजेत. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. खैरलांजीचे हत्याकांड २००६ चे. २००८ साली सत्र न्यायालयाने त्यात जातीय हेतू मान्य केला नाही. २०१६ पासून कायदा सुधारला आहे. गंभीर गुन्ह्यात आरोपीला तिची जात ठाऊक होती, एवढे सिद्ध झाले तरी पुरते. तेव्हा तो तिला कधीपासून ओळखतो, कुणाच्या शेतावर ती राबत होती, तो काय बोलला, हे सारे तिच्याच शब्दांत पहिल्या जबाबात आले पाहिजे. 'जातीवाचक शिवीगाळ केली' या ठोकळ वाक्याने ते काम होत नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. पत्रकात तिचे नाव घालणारे, तिला व्यासपीठावर बसवणारे आपल्यातही आहेत. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात आपल्या बाया उतरल्या, त्या स्वतःच्या पायांनी; त्यांना कोणी पुढे ढकलले नव्हते. मोर्चा जरूर काढा. पण त्याआधी तिच्याजवळ बसा, आणि तिला काय हवे आहे ते विचारा.