चार अक्षरांत मावणारा स्वभाव? गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीसाठी बंगळुरूला गेलेल्या मराठी मुलामुलींना कंपनीच्या प्रशिक्षणात अनेकदा मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची प्रश्नावली भरायला देतात. त्यातून ‘आयएनटीजे’, ‘ईएसएफपी’ असा चार अक्षरांचा शिक्का बसतो. माणसं सोळाच प्रकारची आणि हे प्रकार जगभर सारखेच, हा समज तिथूनच पक्का होतो.

या सोळा प्रकारांचं मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून चाचणी रचली. प्रत्येक अक्षरासाठी ती दोनपैकी एकच बाजू देते. पण बहुतेक माणसं ना पुरती अंतर्मुख असतात, ना पुरती बहिर्मुख. ती मध्येच कुठेतरी असतात. मधोमध रेघ ओढली की दोन-चार उत्तरांच्या फरकानं प्रकार पालटतो. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांना वेगळीच अक्षरं मिळतात. परक्या संस्कृतीचं राहू द्या, हा शिक्का एका माणसावरही नीट टिकत नाही.

मग स्वभाव मोजणं हे सगळं पाश्चात्त्य थोतांडच? हा दुसरा गैरसमज. प्रकार न पाडता गुणांची कमी-अधिक मात्रा मोजणारं पंचघटक प्रारूप बरंच भक्कम आहे. नवं स्वीकारण्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता हे त्याचे घटक. लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी त्याची चाचणी मराठीत आणून तपासली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात हे प्रारूप मराठी भाषकांतही बऱ्याच अंशी लागू पडलेलं दिसतं.

म्हणून ते सर्वत्र चालतं असंही नाही. बोलिव्हियातल्या चिमाने या शेती-शिकार करणाऱ्या समाजात ते जुळलं नाही, असं २०१३ मध्ये दिसलं. २०१९ च्या एका अभ्यासात २३ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४ हजारांहून अधिक लोकांच्या समोरासमोर घेतलेल्या उत्तरांतही पाच घटक नीट उमटले नाहीत. त्याच देशांत इंटरनेटवरून उत्तरं देणाऱ्यांमध्ये मात्र ते बरे उमटले. मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये लॅपटॉपवर प्रश्नावली भरणाऱ्या इंजिनियरवरून त्याच इमारतीच्या बांधकामावर राबलेल्या मजुराचा स्वभाव सांगता येणार नाही. दोघंही एकाच शहरातले असले तरी.

‘मराठी माणूस रोखठोक, कन्नडिग मवाळ’ हे तर आपण सहज बोलून जातो. ४९ संस्कृतींची तुलना करणाऱ्या २००५ च्या अभ्यासात, लोक आपल्या राष्ट्राचा जो स्वभाव सांगतात त्याचा आणि मोजलेल्या सरासरी स्वभावाचा मेळ बसला नाही. म्हणून प्रांतांबद्दलच्या अशा ठोकताळ्यांवरही मी विश्वास ठेवणार नाही.

मायर्स-ब्रिग्ज चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात. मुलाखतीत कुणी तुमची चार अक्षरं विचारली, तर हे त्यांना जरूर सांगा.