नांवाचा निक्षेप

श्रावण उतरणीस लागला होता. पनवेल-रोहे लोहमार्गावर आमच्या जिते स्टेशनानंतर हमरापूर लागतें. तेथील मूर्तिकारांच्या कारखान्यांत गणपतींच्या रंगकामाची धांदल उडाली होती. आमच्या घरांत मात्र एक निराळीच कुजबूज चालली होती. धाकट्या सूनबाईनें मोबाईल उचलणेंच सोडून दिलें होतें. तो वाजला कीं ती त्याच्याकडे क्षणभर पाही आणि पालथा घालून ठेवी. एके दिवशीं तिच्या माहेरून, रोह्याहून, तिच्या वडिलांच्या छातींत दुखूं लागल्याचा फोन आला. तीन वेळां घंटा वाजली. तिनें तो घेतला नाहीं. अखेर शेजाऱ्यांकडे निरोप आला तेव्हां तिला कळलें. ईश्वरकृपेनें ते आतां बरे आहेत. परंतु त्या रात्रीं तिला जवळ बसवून विचारल्यावर खरा प्रकार बाहेर आला.

कोणी एक अनोळखी इसम महिनाभर तिला अवेळीं फोन करीत होता. एक क्रमांक बंद करावा तों दुसऱ्यावरून येई. तिचें गांव कोणतें, ती मुलांची शिकवणी घेते, हें सर्व त्यास ठाऊक होतें. पहिल्याच खेपेस त्यानें विचारलें होतें, "धाकटी सूनबाई शिकवणी जिते, आपणच ना?" हें सांगतां सांगतां ती थबकली आणि मान खालीं घालून म्हणाली, "नाना, हे शब्द तुमचे आहेत. तुमच्या फोनांत माझा नंबर याच नांवानें आहे."

मीं फोन उघडून पाहिला. अक्षरशः तेच शब्द, त्याच क्रमानें!

मग मला आठवलें. नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरांत उड्डाणें सुरू झालीं. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून आमच्या पेण तालुक्यांतील भातखाचरांवर जमीनदलालांची नजर आहे. त्यांच्या फोनांस कंटाळून, फोन कोणाचा आहे हें सांगणारें एक ॲप मीं घेतलें होतें. घेतांना त्यानें विचारलें, "आपली संपर्कयादी वाचूं काय?" मीं चष्मा न लावतांच 'होय' म्हटलें. माझ्या वहींतील घरचीं, दारचीं, विद्यार्थ्यांचीं, त्यांच्या मातापित्यांचीं सारीं नांवें त्या एका होकारासरशीं परक्या दुकानांत जाऊन पडलीं. दुसऱ्याचें नांव मला ज्या युक्तीनें कळूं लागलें, तिनेंच माझ्या घरचें नांव दुसऱ्यास कळविलें. पोलिसांत अर्ज दिला आणि ते फोन थांबले. पण माझें मन थांबलें नाहीं. सूनबाईच्याच अनुमतीनें ही हकीकत मी येथें लिहीत आहें, ती इतर घरांतील वडीलधाऱ्यांनीं माझ्यासारखी चूक करूं नये म्हणून.

आमच्या स्मृतिकारांनीं व्यवहाराचीं, म्हणजे दाव्यांचीं, अठरा पदें सांगितलीं आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील त्या गणनेंत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरेंच पद निक्षेपाचें येतें. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्यापाशीं ठेवलेली ठेव. कर्जाऊ घेतलेलें द्रव्य घेणाऱ्यास वापरतां येतें. ठेव वापरतां येत नाहीं, दुसऱ्याच्या हातीं देतांहि येत नाहीं. ती सांभाळावयाची असते. माझ्या मतें कोणी आपला क्रमांक आपणांस देतो तो निक्षेपच होय. सूनबाईनें तो मला दिला तो सासरा म्हणून. मीं तो बाजारांत मांडला.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीं काय नांवें लिहीत नव्हते? लिहीत होते. त्र्यंबकेश्वरास आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरीं मी गेलों असतां त्यांनीं आडनांव व मूळ गांव विचारून वही काढली आणि आजोबांची मोडी लिपींतील सही माझ्यापुढें ठेवली. माझे डोळे भरून आले. आपल्यांतील अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्तहि छापले गेले आहेत, आणि त्यांत नांवें व पत्ते असतात. परंतु उपाध्यायांची वही कुळाच्या माणसासाठीं उघडते, वाटेवरच्या कोणासाठींहि नव्हे. नांव लिहिलेलें असणें हा दोष नाहीं. वही कोणाच्या हातीं आहे आणि ती कोणापुढें उघडते, हा खरा प्रश्न आहे. हमरापूरच्या मूर्तिकाराचा क्रमांक फलकावर असतो, कारण तो त्यानें आपल्या धंद्यासाठीं स्वतः लावलेला असतो. सूनबाईनें फलक लावला नव्हता.

कायद्यानेंहि आतां या विचाराची दखल घेतली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं, न्या. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणांत, खासगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. माहिती बाळगणाऱ्या संस्थेस त्यांत जी इंग्रजी संज्ञा योजिली आहे तिचा अर्थ विश्वस्त असाच होतो, हें वाचून मला आमच्या निक्षेपाची आठवण झाली. संमति देऊन सोंपविलेली माहिती दुरुस्त करविण्याचा आणि पुसून टाकविण्याचा हक्क त्याच्या बाराव्या कलमांत आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि मुख्य बंधनें लागू होण्यास त्यांनीं अठरा महिन्यांची मुदत दिली. शिवाय कोणी केवळ खासगी वा घरगुती कामासाठीं ठेवलेल्या माहितीस हा कायदा लागूच नाहीं. म्हणजे माझ्या खिशांतील यादीपुरता कायदा मुका आहे. तेथें माझा मीच विश्वस्त.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. हें सर्व मला सूनबाईनेंच शिकविलें.

प्रथम घर झाडावें. फोनच्या सेटिंगमध्यें ॲपांच्या परवानग्यांची यादी असते. तींत संपर्कयादी वाचण्याची परवानगी कोणाकोणास आहे हें पाहून, अनावश्यक असेल ती काढून घ्यावी. यानें पुढची गळती थांबते, गेलेलें परत येत नाहीं. त्यासाठीं त्या त्या ॲपांतील आपलें खातें रीतसर बंद करून माहिती पुसण्याची मागणी करावी. नुसतें ॲप फोनांतून काढून टाकल्यानें खातें बंद होत नाहीं.

दुसरी गोष्ट, क्रमांकावरून नांव सांगणाऱ्या सोयींतून आपली नोंद काढणें. यांत आपल्याकडे सर्वांत परिचित ट्रूकॉलर. (माझ्या हकीकतींतील ॲप तेंच, असें मात्र कोणीं समजूं नये.) स्वीडनमधील स्टॉकहोम येथें २००९ सालीं निघालेल्या या कंपनीनें नोंद काढण्याची वाट ठेवली आहे. खातें असल्यास आधीं तें बंद करावें. नंतर तिच्या संकेतस्थळावरील 'अनलिस्ट' या पानावर देशाच्या ९१ या अंकासह आपला क्रमांक द्यावा. दुसऱ्यांचीं नांवें पाहण्याची सोयहि हवी आणि आपलें नांव तेथें नकोहि, हें दोन्ही साधत नाहीं. अशीं ॲपें अनेक असल्यामुळें प्रत्येकाकडे स्वतंत्र मागणी करावी लागते. मागणीची तारीख वहींत टिपून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां पाहावें.

तिसरी गोष्ट, गूगलचा शोध. फोन, घरचा पत्ता असा मजकूर दाखविणारे दुवे शोधांतून काढण्याची विनंती एप्रिल २०२२ पासून करतां येते. पण त्यानें केवळ वाटेवरची पाटी निघते, घर तेथेंच राहतें. मूळ पानावरील मजकूर काढण्यासाठीं त्या पानाच्या चालकासच लिहावें लागतें.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं हेंहि जाणावें कीं, तेथें माणसाचें नांव, वय, पत्ता व नातलग विकणाऱ्या पेढ्याच आहेत. एकेकीकडे अर्ज करणें तेथेंहि लोकांस जड झालें, म्हणून कॅलिफोर्नियानें २०२३ सालीं कायदा केला आणि जानेवारी २०२६ पासून, नोंदलेल्या सर्व पेढ्यांकडे एकाच अर्जानें पुसण्याची मागणी करण्याची सोय तेथील रहिवाश्यांस खुली केली. आपल्याकडे असें झालें तर किती बरें होईल!

कांहीं नोंदी मात्र निघत नाहींत. मतदारयादींतील नांव आणि महाभूलेखावर दिसणारें सातबाऱ्यावरील खातेदाराचें नांव हीं लोकव्यवहारासाठींच उघडीं ठेवलेलीं आहेत, आणि तें योग्यहि आहे. परंतु त्यांत फोनचा क्रमांक नसतो. सातबाऱ्यावरील नांवास क्रमांकाची जोड मिळते ती बहुधा आपल्यासारख्यांच्या होकारांतूनच.

मीं तें ॲप काढलें, खातें बंद केलें, पुसण्याची मागणी केली. नंतर दोन संध्याकाळीं ओटीवर बसून माझ्या यादींतील दोनशेंवर नांवांचीं शेपटें एकेक करून छाटलीं. कोणाचा धंदा, कोणाचें गांव, कोणाचें आजारपण, कोणाचें वैधव्यसुद्धां मीं नांवापुढें लिहून ठेवलें होतें! लिहितांना ती सोय वाटली होती. छाटतांना लाज वाटली. सूनबाईच्या क्रमांकापुढें आतां 'सूनबाई' एवढेंच आहे. त्याहून अधिक मला ठाऊक आहे, पण तें फोनास ठाऊक असण्याचें कारण नाहीं.