मुंबई ते जेद्दा: तिकिटावर पावणेतीन तास, विमानात सव्वापाच तास

उमराहचं तिकीट हातात आलं की घरात पहिला हिशेब होतो तो वेळेचा. समजा, विमान सकाळी १० वाजता मुंबईहून निघतं आणि दुपारी १२.४५ ला जेद्दाला उतरतं. म्हणजे पावणेतीन तासच ना? नाही. तिकिटावर निघण्याची वेळ भारताची असते, पोहोचण्याची सौदी अरबची. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. त्यामुळे खरा प्रवास सव्वापाच तासांचा.

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. येताना बहुतेक वेळा थोडे कमी लागतात, कारण उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात. मस्कत, दुबई किंवा दोहामार्गे तिकीट स्वस्त मिळू शकतं, पण मधला थांबा किती तासांचा आहे ते आधी पाहा.

हा हिशेब एहरामसाठी फार महत्त्वाचा आहे. थेट जेद्दाला जाऊन उमराह करायचा असेल तर मीकात विमानातच येते, उतरण्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी. त्याआधी नियत व्हायला हवी. एहरामशिवाय मीकात ओलांडली तर दम देण्याची वेळ येऊ शकते. विमानात घोषणा होते, पण डोळा लागला तर ती ऐकू येत नाही. म्हणून एहरामचे कपडे घरी किंवा विमानतळावरच घालून घ्या आणि उतरण्याची वेळ सौदीच्या घड्याळाने लक्षात ठेवा. आधी मदिन्याला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मक्केला निघताना जुल-हुलैफा इथून एहराम बांधता येतो. मसल्याबद्दल शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारा.

अम्मी-अब्बांना शुगरची औषधं असतील तर डोस घड्याळ पाहून नाही, मधले तास मोजून ठरतो. डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवा.

आता घरापासूनचा हिशेब. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचावं लागतं. विरार ते अंधेरी लोकलने सुमारे ३८ किलोमीटर आहे, पण मोठं सामान आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर गाडीच करावी लागते. हायवेला वसई खाडीचा पूल आणि घोडबंदरच्या फाउंटन हॉटेलजवळची ट्रॅफिक तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून १० च्या विमानासाठी पहाटे साडेचारला घर सोडलेलं बरं.

जेद्दाला इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास धरा. पुढे मक्का सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे बसने दीड तास. हॉटेलवर पोहोचाल तेव्हा तिथे सव्वाचार, तर नालासोपाऱ्यात पावणेसात वाजलेले असतील. दारापासून दारापर्यंत सव्वाचौदा तास!

त्यामुळे पोहोचल्या पोहोचल्या तवाफला निघण्याची घाई करू नका. घरच्या बुजुर्गांना आधी जेवण आणि थोडा आराम मिळू द्या. एहरामच्या पाबंद्या पाळून आराम करता येतो, आणि उमराहही मग निवांतपणे होतो.