पडवीतला फ्रिज

गुहागर, तारकर्ली, वेंगुर्ल्याकडच्या घरगुती खानावळींत, किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजशिवाय आणखी एक छोटा फ्रिज बाहेर उभा असतो. पडवीत, मागच्या दारी, नाहीतर पत्र्याच्या शेडखाली. आत पाण्याच्या बाटल्या, सोलकढी, दुधाच्या पिशव्या, रात्रीच्या जेवणासाठी साफ करून ठेवलेली सुरमई. विदर्भात तो पानटपरीत दिसतो, नाशिककडे शेतातल्या घरात, पुण्या-मुंबईत गच्चीवर. पुष्कळदा घरात नकोसा झालेला जुना फ्रिजच बाहेर जातो आणि काही पावसाळ्यांत त्याचा कारभार आटोपतो. मेकॅनिक येतो, 'गॅस गेला' म्हणतो, गॅस भरून पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच रडगाणं.

बाहेरचे फ्रिज यंत्रातल्या दोषामुळे क्वचितच बिघडतात असं माझं ठाम मत आहे. त्यांना जागा मारते. जागा नीट निवडली, वीज नीट दिली, तर हे लहानसं यंत्र वर्षानुवर्षं सोबत करतं.

त्यासाठी ते चालतं कसं हे थोडं समजून घ्यावं लागतं. कॉम्प्रेसर वायूला दाबतो. दाबलेला गरम वायू कंडेन्सरच्या नळ्यांमधून जाताना उष्णता बाहेर सोडतो आणि द्रव होतो. हा द्रव बारीक केशनळीतून पुढे गेला की त्याचा दाब एकदम पडतो, फ्रिजरच्या पत्र्यातल्या वाटांमध्ये तो उकळू लागतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. हल्ली बहुतेक छोट्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा वायू असतो. हवेच्या साध्या दाबाखाली तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे आतून काढलेली सगळी उष्णता, शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता, कंडेन्सरने आसपासच्या हवेत टाकायची असते. ती हवाच कोंडलेली आणि तापलेली असेल तर बिचारा टाकणार कुठे?

म्हणून पहिला नियम सावलीचा. पत्र्याखालची सावली मात्र खरी सावली नव्हे. मे महिन्याच्या दुपारी पत्रा स्वतःच भट्टी होतो. कौलाखालची, पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची भिंत उत्तम. मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटं तरी मोकळी ठेवावीत. काही फ्रिजना मागे काळी जाळी असते, काहींचा कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड दडवलेला असतो. अशा फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात आणि लोक घाबरून मेकॅनिकला फोन करतात. ती उष्णता बाहेर पडतेय हीच चांगली खूण. उलट हौसेने बांधलेल्या ओट्याखाली, तीन बाजूंनी ग्रॅनाइटच्या खणात हाच फ्रिज सरकवला, तर तो अखंड चालत राहतो आणि तरी पाणी कोमटच मिळतं. ओट्याखाली ठेवायचाच असेल तर समोरच्या जाळीतून गरम हवा सोडणारा, त्याच कामासाठी बनवलेला फ्रिज घ्यावा.

विकत घेताना दुकानदार लिटर आणि रंग सांगतो. आपण मागच्या पट्टीवरचा हवामानवर्ग बघावा. 'एन' वर्गाचा फ्रिज १६ ते ३२ अंशांच्या हवेसाठी असतो, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. चंद्रपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे तिथे 'टी' वर्गाचं यंत्रसुद्धा मर्यादेपलीकडे राबतं. खालची मर्यादाही विसरू नये. निफाडला थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो. अशा वेळी बाहेरच्या फ्रिजमधला थर्मोस्टॅट 'पुरेसं थंड आहे' असं समजून कॉम्प्रेसर सुरूच करत नाही, आणि फ्रिजरमधला बर्फ मात्र वितळू लागतो.

आता त्याच्याकडून आपण काय अपेक्षा धरतो ते पाहू. दुपारी बारा वाजता पाहुणे येणार म्हणून साडेदहाला लिटर-लिटरच्या दहा बाटल्या आत कोंबल्या जातात. दहा लिटर पाणी ३२ अंशांवरून ६ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे १,०९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सेकंदाला ९० ज्यूल उष्णता उपसणाऱ्या छोट्या यंत्राला त्यासाठी तीन तासांहून जास्त वेळ लागेल, तोही दार एकदाही न उघडता. इथे फ्रिज बिघडलेला नसतो, वेळेचा हिशोब चुकलेला असतो. बाटल्या आदल्या रात्री भराव्यात. दूध आणि मासे ठेवायचे असतील तर आत एक साधा थर्मामीटर टांगावा आणि तो चार-पाच अंशांच्या वर जात नाही ना, हे रोज बघावं. थर्मोस्टॅटच्या खटक्यावरचे आकडे अंश दाखवत नाहीत.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के दमट हवा असेल तर २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. म्हणून जुलैत फ्रिजचं दार बाहेरून घामेजतं, रबरी गॅस्केटच्या घड्यांत काळी बुरशी धरते, आणि दार उघडलं की आत शिरलेली दमट हवा फ्रिजरवर बर्फ होऊन बसते. बर्फाचा जाड थर म्हणजे ऊब देणारी गोधडीच. तो चढला की थंडावा आत पोचत नाही. अर्धा सेंटिमीटर थर जमला की फ्रिज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी लावू नये. फ्रिजरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो आणि वायूच्या वाटा त्याच्यातच असतात. सुरीचं एक टोक लागलं की सगळा गॅस जातो.

वितळलेलं पाणी मागच्या भोकातून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं. हा ट्रे कुणाच्या ध्यानातच नसतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून आरोग्य कर्मचारी घरी आले की फ्रिजचा ट्रे पाहायला सांगतात. दर आठवड्याला तो ओतून, पुसून ठेवावा.

किनाऱ्यावर खारी हवा असते. कंडेन्सरच्या नळ्या पुष्कळदा लोखंडी असतात. रंग उडाला की गंज आत शिरतो आणि खालच्या वाकणाशी बारीक भोक पडतं. दर वर्षी 'गॅस जातो' त्याचं कारण अनेकदा हेच. भोक न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं. महिन्यातून एकदा, प्लग काढून, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मागची बाजू पुसावी. स्टीलचा फ्रिज घेणार असाल तर ३०४ आणि ३१६ या आकड्यांतला फरक विचारा. ३१६ मध्ये सुमारे दोन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला ते जास्त तोंड देतं. फरशी धुण्याचं ॲसिड दोन्ही प्रकारच्या स्टीलजवळ नेऊ नये.

विजेबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, इथे जीव जातो. 'फ्रिजला हात लावताना चप्पल घाल' हे वाक्य किती घरांत सहज बोललं जातं! याचा अर्थ त्या फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरतोय आणि घरच्यांनी ते मान्य करून टाकलंय. बाहेर तर ओली जमीन, अनवाणी मुलं, नुकतेच धुतलेले हात. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची असते. सॉकेट दोन पिनांचं आहे म्हणून ती मोडणारे महाभाग अजून भेटतात. एमसीबी आहे ना, असंही सांगितलं जातं. पण सहा किंवा सोळा अँपिअरचा एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतोच. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की क्षणात वीज तोडतो. बाहेरच्या प्रत्येक फ्रिजला तो हवाच, आणि सॉकेट झाकणाचं, पावसाच्या उडत्या थेंबांपासून सुरक्षित असं हवं. फ्रिजवर 'आयपीएक्स ४' असं लिहिलं असेल तर त्यावर कुठूनही पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालतात. पण पाइपने धुवायची ती परवानगी नव्हे. घरातल्या वापरासाठी बनवलेल्या फ्रिजला एवढंही संरक्षण नसतं.

खेड्यातला कमी दाब हा कॉम्प्रेसरचा शत्रू. सुरू होताना त्याला नेहमीच्या कित्येक पट प्रवाह लागतो. दाब पडलेला असला, किंवा लांबलचक बारीक एक्स्टेन्शनमधून वीज येत असली, की तो नुसता गुणगुणतो, ओव्हरलोडपासून वाचवणारा स्विच 'टक्' करून वीज तोडतो, आणि काही मिनिटांनी पुन्हा तीच धडपड. वीज जाऊन लगेच आली तरी असंच होतं, कारण नळ्यांमधला दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. उशीर करून वीज सोडणारा स्टॅबिलायझर बाहेरच्या फ्रिजवर लावणं शहाणपणाचं. आडवा घालून आणलेला फ्रिजही काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत यायला हवं.

बिघाडाचं निदान घरच्या घरी पुष्कळ करता येतं. दारात नोट धरून दार लावा; ती सहज निसटली तर गॅस्केट ढिलं आहे. कॉम्प्रेसर चालतोय पण फ्रिजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतोय, तर गॅस कमी आहे. कॉम्प्रेसर चालूच होत नाही, तर प्लग काढून त्याच्या बाजूचा स्टार्ट रिले काढवून घ्या आणि हलवून पाहा. आत खुळखुळ आवाज आला तर तो गेलाय, आणि नवा रिले कॉम्प्रेसरच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. बाहेर पाल, मुंग्या आणि उंदीर हे तिघे वायर आणि सर्किटचे नित्याचे गुन्हेगार. गॅस भरायचाच झाला तर पट्टीवर लिहिलेलाच भरून घ्या. आर-६००ए ज्वालाग्राही आहे आणि हवेहून जड. गळती झाली तर तो खाली साचतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि त्याची माहिती असलेल्याच माणसाकडून करून घ्यावं.

बाहेरच्या, लहान, परवडणाऱ्या फ्रिजचा मराठी मुलखाशी एक खास धागा आहे. १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात करणाऱ्या गोदरेजने, अर्धशतकानंतर, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या बायकांशी बोलून 'छोटूकूल' घडवला. वरून उघडणारा, १२ व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला. पेल्टिए यांनी १८३४ मध्ये नोंदवलेल्या परिणामावर तो चाले: दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू थंड, दुसरी गरम. कल्पना फार मोलाची होती, कारण भारनियमनात जगणाऱ्या घराचा विचार तिच्यात आधी होता. पण अशी यंत्रं बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस अंशच खाली जातात. ४२ अंशांच्या दुपारी त्यात पाणी गार वाटेल, दूध मात्र नासेल. दूध-मासळीसाठी कॉम्प्रेसरच हवा. आणि वीज बेभरवशाची असेल तर १२ किंवा २४ व्होल्टवर, सौरपॅनेल आणि बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज आता मिळतात.

मे संपायच्या आत वायरमन बोलवा. बाहेरच्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या, आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघत जा. हे होईपर्यंत पडवीतल्या फ्रिजचा प्लग काढून ठेवा.